चूक टळली, मग ती लिहायची कशाला?

पत्राचा सारांश (नाव-गाव गाळून)

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी ५० खाटांच्या खासगी दवाखान्यात काम करणाऱ्या सिस्टरचं हे पत्र आहे. नऊ वर्षांचा अनुभव. रात्रपाळीला दोघी सिस्टर आणि त्या दिवशी ३४ पेशंट. रात्री साडेबाराला त्यांच्या ज्युनिअर मुलीने (जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन सहा महिने झालेत) सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या अँटिबायोटिकची व्हायल (पावडरची शिशी) विरघळवायला ट्रेमधून डिस्टिल्ड वॉटर समजून पोटॅशियम क्लोराइडचं अँप्युल उचललं. दहा मिली व्हायलमध्ये सोडलं, पुन्हा सिरिंजमध्ये ओढलं आणि ती खाटेकडे निघाली. रिकाम्या अँप्युलवर या सिस्टरची नजर गेली म्हणून इंजेक्शन टळलं. इनचार्ज मॅडम म्हणाल्या, "काही झालं नाही ना? मग विषय संपला. लिहिलंस तर पोरीची नोकरी जाईल, आणि सर सगळ्यांनाच बोलतील."

पत्राच्या शेवटी आणखी दोन ओळी आहेत. त्याच्या पंधरा दिवस आधी एका आजोबांना या सिस्टरनी स्वतः रात्रीचं इन्सुलिन दिलं. आजोबांचा इन्सुलिनचा पेन बिघडला होता, म्हणून मुलाने पुण्याहून आणलेल्या पेनच्या कार्ट्रिजमधून वॉर्डातल्या सिरिंजने १२ च्या खुणेपर्यंत ओढून दिलं. पहाटे शुगर ४६. डेक्स्ट्रोज दिलं, आजोबा सावरले, दोन दिवसांनी घरी गेले. केस पेपरवर "हायपोग्लायसेमिया (शुगर फार उतरणं), उपचार केले" एवढीच नोंद आहे.

त्या विचारतात: ज्युनिअरची चूक वर कळवू की नको? कळवली तर तिच्या पोटावर पाय दिल्यासारखं होईल, नाही कळवली तर माझं मन मला खातं. आणि नातेवाइकांच्या कानावर गेलं तर दवाखान्याचं काय होईल?

उत्तर

ताई, तुमचा प्रश्न ज्युनिअरबद्दल आहे, पण आधी आजोबांबद्दल बोलू. ज्युनिअरच्या सिरिंजमधलं औषध कुणाच्या शिरेत गेलं नाही. आजोबांना मात्र चुकीचा डोस गेला आहे, आणि त्याचा परिणाम कदाचित अजून चालू आहे.

हिशोब मांडून बघा. पेनच्या कार्ट्रिजमध्ये इन्सुलिन १०० युनिट प्रति मिली असतं. आपल्या वॉर्डात जी नेहमीची १० मिलीची व्हायल असते ती ४० युनिट प्रति मिलीची, आणि लाल टोपणाची सिरिंज त्या ४० साठीच आखलेली असते. त्या सिरिंजवर १२ ची खूण म्हणजे ०.३ मिली. ४० च्या व्हायलमधून ओढलं तर तेवढ्यात १२ युनिट येतात. १०० च्या कार्ट्रिजमधून ओढलं तर ३० युनिट. आजोबांना अडीचपट डोस गेला. उलट प्रकारही होतो: ४० ची व्हायल आणि नारिंगी टोपणाची १०० ची सिरिंज वापरली, तर १२ च्या खुणेवर जेमतेम ५ युनिट जातात. शुगर उतरत नाही, मग डोस वाढवत नेला जातो, आणि घरी योग्य सिरिंज मिळाली की पेशंट कोसळतो.

आजोबा सावरले म्हणजे ते प्रकरण मिटलं, असं तुम्ही धरून चालला आहात. पण त्यांचा केस पेपर वाचणाऱ्या डॉक्टरांना काय दिसलं असेल? १२ युनिट दिले आणि शुगर ४६ वर आली. कुणीही जबाबदार डॉक्टर डोस कमी करतील, ८ वर आणतील, कदाचित ६ वर. आता आजोबा घरी आहेत, नवा पेन आला आहे, पेनवर ६ लावले तर खरोखर ६ च जातात. त्यांची गरज मात्र १२ ची होती. शुगर चढत राहील आणि कुणाला कारण कळणार नाही, कारण ते कारण फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून पहिलं काम हे, आणि ते याच आठवड्यात करा. आजोबांच्या डॉक्टरांना एकांतात गाठा आणि सरळ सांगा: "सर, त्या रात्री १०० ची कार्ट्रिज आणि ४० ची सिरिंज होती. १२ ऐवजी ३० युनिट गेले असणार. डिस्चार्जचा डोस त्या रीडिंगवर कमी केला असेल तर पुन्हा बघायला हवा." आजोबांना तपासणीला बोलावणं हे पुढचं पाऊल डॉक्टरांचं. केस पेपरवरची जुनी नोंद खोडू नका, पांढरी शाई लावू नका. "उशिरा केलेली नोंद" असं लिहून, आजची तारीख-वेळ टाकून, काय दिलं गेलं ते तुमच्या आणि डॉक्टरांच्या सहीने लिहा.

त्या रात्रीबद्दल आणखी एक. ते मिक्स्ड इन्सुलिन असेल तर त्याचा परिणाम २४ तासांपर्यंत टिकू शकतो. डेक्स्ट्रोजनंतर शुगर १४० आली म्हणून आपण निर्धास्त होतो, पण डेक्स्ट्रोजचा जोर तासाभरात ओसरतो आणि इन्सुलिन शरीरात असतंच. खरा डोस सकाळच्या पाळीला ओव्हरमध्ये (पाळी सोपवताना) सांगितला असता, तर दिवसभर दर एक-दोन तासांनी शुगर बघितली गेली असती. खरी नोंद पेशंटला उपयोगी पडते ती अशी. ती कुणाला पकडायला नसते.

आता पोटॅशियम. अँप्युलमध्ये १० मिली असतं, प्रत्येक मिलीत २ मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक), म्हणजे एका अँप्युलमध्ये २०. साध्या वॉर्डात, हाताच्या शिरेतून, तासाला १० पेक्षा जास्त जाऊ द्यायचं नाही. म्हणजे ५०० मिलीच्या सलाईनमध्ये एक अँप्युल टाकलं तर ती बाटली किमान दोन तास चालली पाहिजे. त्या रात्री तेच २० मिलिइक्विव्हॅलंट तीन-चार मिनिटांत थेट शिरेत जाणार होतं. एवढ्याने हृदय थांबतं. ही चूक जगभरात नेमकी अशीच, अँटिबायोटिक विरघळवताना आणि कॅन्युला फ्लश करताना, पुन्हा पुन्हा झालेली आहे. तुम्ही एक जीव वाचवला आहे, आणि इनचार्ज मॅडमच्या हिशोबी "काही झालं नाही".

मॅडमचं हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, म्हणून त्यावर थोडं थांबू. काही झालं नाही, कारण तुमची नजर गेली. उद्या तुम्ही त्याच वेळी दुसऱ्या खाटेपाशी सलाईन लावत असाल. तो ट्रे आजही तिथेच आहे, त्यात डिस्टिल्ड वॉटरचं आणि पोटॅशियमचं अँप्युल शेजारी शेजारी आहे, दोन्ही दहा मिलीची, दोन्ही पारदर्शक, दोन्हींवर बारीक अक्षरं. त्या मुलीला काढून टाकलं तरी ट्रे तसाच राहणार आणि तिच्या जागी येणारी मुलगीही सहा महिन्यांचीच असणार. थोडक्यात टळलेली चूक लिहून काढण्याचं कारण हे आहे: पेशंटला इजा न होता आपल्याला धोक्याची जागा कळते. पुढच्या वेळी ती इतक्या स्वस्तात कळेल याची खात्री नाही.

तुमचंही एक गृहीत मला तपासावंसं वाटतं. "चूक वर कळवणं" म्हणजे "ज्युनिअरची तक्रार करणं" असं तुम्ही धरलं आहे. स्वतःला एक प्रश्न विचारा: त्याच पाळीत, ३४ पेशंट सांभाळत, त्याच ट्रेमधून, दुसऱ्या एखाद्या चांगल्या सिस्टरच्या हातून हेच झालं असतं का? उत्तर हो असेल, आणि इथे ते हो आहे, तर दोष मांडणीत आहे. एखादी सिस्टर दारू पिऊन ड्युटीवर आली, न दिलेल्या इंजेक्शनवर सही केली, सांगूनही मुद्दाम नियम मोडला, तर ती गोष्ट वेगळी आणि तिथे कारवाई व्हायलाच हवी. तुमच्या ज्युनिअरने यातलं काहीच केलेलं नाही. वॉर्डातल्या सगळ्या जशा अँप्युल उचलतात, तसंच तिनेही उचललं.

म्हणून माझा सल्ला असा आहे, आणि तो तुम्हाला जड जाईल याची कल्पना आहे: चूक लिहून कळवायचा पहिला फॉर्म ज्युनिअरचा भरू नका. आधी स्वतःच्या हातच्या इन्सुलिनचा भरा. नऊ वर्षांच्या सिस्टरने आपल्याच घटनेपासून सुरुवात केली की बाकीच्यांना कळतं की या कागदाने कुणाला फासावर चढवायचं नाही. सुरुवातच सहा महिन्यांच्या मुलीच्या नावाने झाली, तर तो कागद कायमचा तक्रारवही होऊन बसेल आणि त्यानंतर कुणी एक ओळ लिहिणार नाही. तुमचा फॉर्म गेल्यावर ज्युनिअरला जवळ बसवा. तिला तिच्या शब्दांत लिहू द्या, तुम्ही फक्त सोबत राहा. त्या रात्रीनंतर ती कशी झोपत असेल, कुणी विचारलं का तिला? हात थरथरत औषध भरणारी सिस्टर पुढची चूक करण्याची शक्यता वाढते. चार-सहा रात्री तिच्यासोबत औषधांची फेरी करा.

फॉर्म छापील असायची गरज नाही, अर्ध्या पानाचा पुरे. त्यात तारीख, वेळ, पाळी, वॉर्ड. पेशंटचा नोंदणी क्रमांक. औषध, ताकद, काय द्यायचं होतं आणि काय दिलं गेलं किंवा जाणार होतं. चूक कुठे झाली: डॉक्टरांनी लिहिताना, मेडिकलवाल्याने देताना, सिस्टरने भरताना, की पेशंटला देताना. कशी लक्षात आली. पेशंटला काय झालं आणि काय उपचार केले. त्या वेळी परिस्थिती काय होती. आणि भरणाऱ्याला काय बदलावंसं वाटतं. "कुणामुळे झालं" हा रकाना ठेवू नका. भरणाऱ्याचं नाव ऐच्छिक ठेवा.

तीव्रता लिहायला ए ते आय अशी नऊ पायऱ्यांची वर्गवारी वापरतात. ए म्हणजे चूक व्हावी अशी परिस्थिती आहे, पण अजून झालेली नाही. बी म्हणजे चूक झाली पण पेशंटपर्यंत पोचली नाही. सी आणि डी म्हणजे पोचली पण इजा नाही, फक्त डी मध्ये लक्ष ठेवावं लागलं. ई पासून पुढे इजा सुरू होते: ई तात्पुरती, उपचार लागले, एफ मध्ये भरती व्हावं लागलं किंवा मुक्काम वाढला, जी कायमची इजा, एच मध्ये जीव वाचवायला धावपळ, आय म्हणजे मृत्यू. तुमचं पोटॅशियम बी मध्ये, आजोबांचं इन्सुलिन ई मध्ये, आणि त्यामुळे त्यांचा मुक्काम वाढला असेल तर एफ मध्ये. ट्रेमध्ये दोन अँप्युल शेजारी पडलेली आहेत, हे आज नुसतं बघून लिहिलंत तर ते ए. ए आणि बी सर्वांत जास्त यायला हवेत. ज्या वॉर्डातून वर्षभरात एकही फॉर्म येत नाही तिथे चुका होत नसतात असं समजू नये. तिथे लिहायची भीती असते.

भाषा कशी असावी, तर अशी: "रात्री १२:३०. खाट क्र. अमुक. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन १ ग्रॅम विरघळवण्यासाठी डिस्टिल्ड वॉटरऐवजी पोटॅशियम क्लोराइड १० मिली वापरलं गेलं. देण्याआधी रिकाम्या अँप्युलवरून लक्षात आलं. सिरिंज टाकून दिली, औषध नव्याने तयार करून दिलं. दोन्ही अँप्युल एकाच ट्रेमध्ये. दोन सिस्टर, ३४ पेशंट. ट्यूबलाइट बंद होती." इतकंच. "निष्काळजीपणामुळे", "बहुतेक घाईत असावी" असले शब्द नकोत. तो अंदाज झाला. केस पेपर आणि हा फॉर्म वेगवेगळे ठेवा. पेशंटला काय झालं आणि काय केलं ते केस पेपरवर. ते कसं घडलं ते फॉर्मवर.

पण फॉर्म भरून कपाटात गेला तर कुणी दुसरा भरणार नाही, आणि खरं सांगायचं तर भरूही नये. म्हणून इनचार्ज मॅडमकडे जाताना रिकाम्या हाती जाऊ नका, बदल सोबत घेऊन जा. त्यांची भीती खरी आहे. सरांचा राग पहिला त्यांच्यावर निघतो. त्यांना म्हणा, "मॅडम, नाव कुणाचंच नको. ट्रे बदलू या, आणि का बदलला ते लिहून ठेवू या." याला त्या नाही म्हणतील असं वाटत नाही.

ट्रे बदलायचा म्हणजे काय? पोटॅशियम क्लोराइड साध्या ट्रेमधून, ट्रॉलीवरून, सिस्टर टेबलावरून आजच उचला. उत्तम म्हणजे ते वॉर्डात नसावंच. आयसीयूत आणि मेडिकलमध्ये ठेवावं आणि पेशंटच्या नावाने चिठ्ठी आली की तेवढंच द्यावं. ते जमत नसेल तर लाल पट्टीचा वेगळा डबा, कुलूप, किल्ली इनचार्जकडे, आत चार-पाचच अँप्युल, आणि डब्यावर ठळक अक्षरांत: "पातळ केल्याशिवाय देऊ नये". डिस्टिल्ड वॉटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला. सलाईनमध्ये पोटॅशियम टाकायचं ते बाटली लटकवण्याआधी, आणि टाकल्यावर बाटली आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची. चालू सलाईनमध्ये टाकलं आणि हलवलं नाही तर ते तळाशी जमतं आणि एकदम शिरेत जातं. "आम्ही तर पातळ करूनच दिलं होतं" म्हणणाऱ्या वॉर्डात पेशंट दगावतो तो असा. बाटलीवर चिकटपट्टीने नाव, मात्रा, वेळ आणि सही.

इन्सुलिनसाठी नियम एकच ठेवा: शिशीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा सारखा असल्याशिवाय ओढायचं नाही. मनातल्या मनात रूपांतर करायचं नाही, साधी दोन मिलीची सिरिंज तर कधीच नाही. वॉर्डात एकाच ताकदीची व्हायल ठेवा. पेशंटने घरून पेन आणला तर पेननेच द्या. पेन बिघडला असेल तर वॉर्डाची व्हायल वापरा, कार्ट्रिजमध्ये सुई खुपसू नका, कारण आत हवा शिरते आणि पुढे पेननेही डोस चुकतो. ऑर्डर लिहिताना "युनिट" हा शब्द पूर्ण लिहायचा. नुसतं इंग्रजी "यू" लिहिलं तर घाईत ते शून्य वाचलं जातं आणि ४ चे ४० होतात. दशांशाचंही तसंच: अर्धा मिलिग्रॅम लिहिताना टिंबाआधी शून्य हवंच, आणि एक मिलिग्रॅम लिहिताना पुढे टिंब-शून्य नकोच, नाहीतर दहापट जातं. हे तुम्ही डॉक्टरांना कसं सांगणार, हा पुढचा प्रश्न. फोनवर ऑर्डर आली की लिहून घ्या आणि वाचून दाखवा: "सर, इन्सुलिन चार, एक-दोन-तीन-चार, युनिट, बरोबर?" चार-सहा वेळा असं झालं की समोरचाही स्पष्ट सांगायला लागतो.

डबल चेक हा शब्द सगळ्या वापरतात, पण "बघ गं, बरोबर आहे ना?" आणि पलीकडून मान न वळवता "हो" याला डबल चेक म्हणत नाहीत. दुसरीने ऑर्डर स्वतः वाचायची, डोस स्वतः काढायचा, अँप्युल स्वतः हातात घ्यायचं, आणि मग दोघींची उत्तरं जुळवायची. हे प्रत्येक इंजेक्शनला शक्य नाही आणि तसा हट्टही धरू नका. दोघींना ३४ पेशंट आहेत. मोजकी औषधं निवडा: पोटॅशियम, इन्सुलिन, हेपॅरिन (पाच मिलीची व्हायल १००० युनिट प्रति मिलीचीही येते आणि ५००० चीही), मॅग्नेशियम सल्फेट, नॉरअ‍ॅड्रिनालिन, मॉर्फिनसारखी औषधं आणि लहान लेकरांचे सगळे डोस. दुसरी सिस्टर नसेल तर ड्युटीवरच्या आरएमओला (निवासी डॉक्टरांना) उठवा. तेही नसतील तर निदान अँप्युलवरचं नाव तीनदा वाचा: उचलताना, भरताना, टाकताना. आणि टाकायचं कधी, तर इंजेक्शन देऊन झाल्यावर. तोवर रिकामं अँप्युल सिरिंजसोबत त्याच ट्रेमध्ये राहिलं पाहिजे. ज्युनिअरने ते आधीच डब्यात टाकलं असतं तर तुम्हाला काहीच दिसलं नसतं. भरलेली सिरिंज नाव न चिकटवता खाली ठेवायची नाही, अर्ध्या मिनिटासाठीही नाही.

"सावधपणे काम करावे" असं परिपत्रक सर काढतील, त्याला विरोध करू नका, पण त्यावर विसंबूही नका. रात्री तीन वाजता थकलेल्या डोळ्यांना परिपत्रक दिसत नाही. कुलूपबंद डबा दिसतो.

बाकीच्या वॉर्डांसाठी थोडक्यात. प्रसूतीकक्षात ऑक्सिटोसिन आणि मेथिलअर्गोमेट्रिन दोन्ही थंड जागी, दोन्ही बारीक अँप्युलमध्ये असतात. रक्तदाब वाढलेल्या बाळंतिणीला दुसरं गेलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वेगळे डबे. मॅग्नेशियमचा पुढचा डोस देण्याआधी श्वास मिनिटाला किमान १६, गुडघ्याचा झटका आणि चार तासांत किमान १०० मिली लघवी बघा, आणि उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली उशाशी ठेवा. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन रिंगर लॅक्टेटमध्ये कधीच मिसळू नका. फेनिटोइन डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की साका होतो, ते फक्त नॉर्मल सलाईनमध्ये. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या वर असतो आणि वीज जाते. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवून दोन्ही पाळ्यांना तापमान लिहा, २ ते ८ अंश. लसींच्या आयएलआरमध्ये (लसींसाठीच्या खास फ्रिजमध्ये) इन्सुलिन ठेवू नका, तो फक्त लसींसाठी.

नातेवाइकांचं काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. भीती कल्पनेतली नाही. तोडफोड आपल्याकडे झालेली आहे. पण लोक बहुधा भडकतात ते लपवाछपवी उघडी पडल्यावर: बाहेरच्या कुणी सांगितलं, फाइल मागितली तर मिळेना, प्रत्येकाचं उत्तर वेगळं. जी चूक पेशंटपर्यंत पोचली ती सांगायलाच हवी. ती तुम्ही एकटीने, व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगायची नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी, खोलीत बसवून, घरातल्या एक-दोन जाणत्या माणसांना, साध्या मराठीत सांगायचं: इन्सुलिन ठरल्यापेक्षा जास्त गेलं, त्यामुळे शुगर उतरली, आम्ही हे केलं, आता हे बघायचं आहे, आणि पुन्हा होऊ नये म्हणून हा बदल केला आहे. माफी मागायची. सिस्टरचं नाव घ्यायचं नाही आणि जे नक्की ठाऊक नाही ते बोलायचं नाही. पोटॅशियमचा प्रकार पेशंटपर्यंत गेला नाही, तिथे सांगण्याची सक्ती मला वाटत नाही.

कायद्याबद्दल स्पष्ट राहू. फॉर्म म्हणजे कवच नाही; प्रकरण कोर्टात गेलं तर कागद मागवले जाऊ शकतात. पण खाडाखोड केलेला केस पेपर तुमच्याविरुद्ध कितीतरी जास्त बोलतो. २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की वैद्यकीय व्यावसायिकाला फौजदारी गुन्ह्यात धरायचं तर निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असायला हवा. आणि महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरच्या हिंसेविरुद्ध कायदा आहे. त्यात नर्सही येतात, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. तो कलमासह सिस्टर टेबलामागे लावून ठेवा.

दवाखान्याबाहेर कळवायचं असेल तर, औषधामुळे इजा झाली किंवा तशी शंका असली तर, भारतीय औषधदक्षता कार्यक्रम आहे. २०१० पासून चालू आहे, राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला, टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्स, खुद्द पेशंट, कुणीही कळवू शकतं. कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं, आणि कळवणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे, असं त्या फॉर्मवरच छापलेलं आहे. सरकारी रुग्णालयातल्या सिस्टरनी लक्षात घ्यावं की राष्ट्रीय गुणवत्ता मानकांत औषधं सुरक्षितपणे देण्याची पद्धत हा तपासणीचा भाग आहे, तेव्हा हे काम अंगावर जास्तीचं घेतलेलं नाही. खासगीत एनएबीएचची (रुग्णालयांना मिळणाऱ्या गुणवत्ता-मान्यतेची) तयारी चालू असेल तर सरांना तेच कारण सांगा. त्यांना असा अहवाल दाखवावा लागणारच आहे.

हे पत्र वाचणाऱ्या घरच्या माणसांसाठीही थोडं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणाऱ्या इजेविरुद्ध जी मोहीम घेतली, तिने तीन जागी आधी लक्ष द्यायला सांगितलं: जोखमीचे प्रसंग, एकाच माणसाला अनेक औषधं, आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणं. आपल्याकडे ऊसतोडीहून परतलेला माणूस कारखान्याजवळच्या डॉक्टरांच्या गोळ्या, गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या आणि अंबाजोगाईच्या किंवा घाटीच्या सरकारी रुग्णालयातल्या डिस्चार्जच्या गोळ्या एकाच पिशवीत घेऊन येतो. त्यात एकच औषध तीन नावांनी असतं. पिशवी लाजून घरी ठेवू नका, भरती होताना सगळी सिस्टरसमोर ओता. लेकराला तापाचं औषध देताना बाटलीवरचा आकडा वाचा: पॅरासिटॅमॉलचं सिरप ५ मिलीत १२० किंवा २५० मिलिग्रॅम असतं, थेंबांच्या बाटलीत मात्र एकाच मिलीत १०० मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला एका वेळी ८० ते १२० मिलिग्रॅम पुरतं. थेंबांच्या औषधाचा ५ मिलीचा चमचा दिला तर ५०० जातं. आणि खाटेवर असताना "सिस्टर, हे कशाचं इंजेक्शन आहे?" असं जरूर विचारा.

ताई, पुढच्या महिन्यापासून दर महिन्याला पाऊण तास मागून घ्या: एक डॉक्टर, इनचार्ज मॅडम, मेडिकलवाले दादा आणि दोन सिस्टर. आलेले फॉर्म नावांशिवाय वाचायचे, प्रत्येकावर एक बदल ठरवायचा, तो कोण करणार आणि कधीपर्यंत हे लिहायचं, आणि झालेला बदल सिस्टर रूमच्या फळ्यावर लावायचा. सर पहिल्यांदा टाळाटाळ करतील असं वाटलं तर १७ सप्टेंबरची सकाळ मागा. मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला सगळा स्टाफ तसाही हजर असतो, आणि २०१९ पासून तोच दिवस जागतिक रुग्णसुरक्षा दिनही आहे. एरवी बैठक दुपारी दोनला, ड्युटी बदलताना ठेवा, म्हणजे दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर असतात. तुमच्या ज्युनिअरला त्या दिवशी नाइट लावू नका. ट्रे कसा मांडायचा हे तिथे तिनेच सांगू दे.